भट्टी लावली, नंबर गेला, वास तसाच

बायांनो, कपड्यातलं कळणारं कुणी हाय का इथं? माझी नात उद्या सकाळी नांदेडहून लातूरला कबड्डी खेळायला चाललीय. पहिल्यांदाच संघात निवडली पोरगी, आठवडाभर मी सगळ्या गल्लीला सांगायलेय. पण आज मी हात टेकले.

तिच्या जर्सीचा घामाचा वास कितीबी धुतलं तरी जाईना. वासाची पावडर टाकावी तर त्या वासानं तिचा दम कोंडतो. अन् कबड्डीत चढाईला जाणारीला दमच तर लागतो.

मग मी आज दुपारी भट्टी लावली. सासरी आम्ही जावा-जावा मळकी लुगडी सोडा टाकून उकळायचो, लई लख्ख निघायची. माझी थोरली जाऊ तर तासभर हलवायची नुसती. पण ते सूत होतं, ही जर्सी कशाची हाय कुणाला ठाऊक. बाहेर काढली तर पाठीवरचा सात नंबर सुटून पाण्यात तरंगायलाय.

नातीनं जर्सी हुंगली. म्हणली, "आजी, वास हाय तिथंच हाय गं. नंबर तेवढा निघाला."

रागावली असती तर बरं वाटलं असतं. आता ती ओल्या जर्सीवर मार्करनं सात काढायलीय अन् मार्कर उठंना.

बिनवासाचं, न उकळता काही करता येत असलं तर आजच सांगा गं. तिच्या खेळातलं मला काही कळत न्हाई. धुणं तेवढं माझ्या हातचं हाय, असं वाटत होतं.