होसियतचं पाठांतर

माझ्या बायकोनं, होसियतनं, एक मोठी प्रार्थना तोंडपाठ केली. ती पाठ करत होती तेवढी दोन वर्षं मी भीतीत काढली. आता सांगितलं तर नातवंडं हसतात. पण तेव्हा राज्य कम्युनिस्टांचं होतं, आणि आमच्या फरगाना खोऱ्यात धर्माचं काही शिकणं म्हणजे नोकरीवर पाणी सोडणं. शेजारच्या गावातल्या एका मास्तरची म्हातारी आई घरात मुलींना शिकवते असं कुणीतरी वर कळवलं. मास्तरला भरसभेत उभं केलं, आणि पुढच्या आठवड्यापासून तो कापसाच्या गोदामात पोती उचलायला लागला. मी सामुदायिक शेतीवर ट्रॅक्टर चालवायचो. होसियत बालवाडीत शिकवायची. ती सभा आम्ही दोघांनी पाहिली होती.

आमच्या भिंतीला लागून इनोयत राहायची. बायकांना धर्माचं शिकवणारीला आमच्यात ओतीन म्हणतात, पण तेव्हा तो शब्द कुणी मोठ्यानं उच्चारत नसे. सगळे तिला नुसतं आजी म्हणायचे. मरणाऱ्याच्या उशाशी म्हणायचा लांब पाठ सबंध गावात तिला एकटीलाच येत होता. एक दिवस ती होसियतला म्हणाली, "मी सगळ्यांना पोचवलं. मला कोण पोचवणार?" होसियत हो म्हणून आली आणि मला मागाहून सांगितलं. आधी सांगितलं असतं तर मी जाऊ दिलं नसतं, हे तिला ठाऊक होतं.

शिकायचं कसं ते म्हातारीनं ठरवलं. कागद नाही, कागद सापडतो. आमचा तंदूर तडकला असं गावात सांगायचं आणि नान भाजायला तिच्याकडे जायचं. कणीक मळून होईपर्यंतच शिकायचं, त्यापुढे एक शब्द नाही. आधी कालचं आणि परवाचं म्हणायचं, ते पक्कं असेल तरच एखादी नवी ओळ. ओळ अरबी. तिचा अर्थ म्हातारी अगोदर आपल्या भाषेत सांगायची, कारण अर्थ कळला नाही तर शब्द लटकवायला खुंटी नाही, असं तिचं म्हणणं. होसियत अडली की मात्र ती गप्प. होसियत घामाघूम व्हायची आणि ही शांतपणे चहा प्यायची.

"सांगा ना आजी, एकच शब्द."

"मी सांगितला तर तो माझाच राहील. शोध. आतच असेल कुठंतरी."

आणखी एक खोड होती. होसियत रंगात आली की म्हातारी मुद्दाम झाकण पाडायची, शेळी बांधली का विचारायची, दार धडाधडा वाजवायची. होसियतनं शेळीचं उत्तर द्यायचं आणि सुटलेल्या शब्दावरच परत यायचं. उद्या खरंच कुणी आलं तर बोलता आलं पाहिजे, आणि तो गेल्यावर धागाही सापडला पाहिजे. एकदा ते दार मी भिंतीपलीकडून ऐकलं. आले, असं वाटून अनवाणी धावलो, तर दोघी माझ्याकडे बघून पोट धरून हसत होत्या. मला हसता आलं नाही.

घरात नान इतके व्हायला लागले की मी शेतावर नेऊन वाटायचो. आमच्यातला सोतिबोल्दी विचारायचा, "काय रे, तुझी बायको रोज कुणाचं लग्न लावतेय?" सगळे हसायचे, मीही हसायचो, आणि मग दिवसभर मनात एकच. हा सहज बोलतोय की खडा टाकून बघतोय?

दुसऱ्या वर्षी जर्दाळू फुलले तेव्हा म्हातारी अंथरुणाला खिळली. एका दुपारी होसियतला बोलावणं आलं. खोली बायकांनी भरलेली. मी पुरुषांबरोबर अंगणात, खिडकीजवळ उभा होतो. तेवढ्यात मुकर्रम आली. सामुदायिक शेतीच्या अध्यक्षांची बायको, गावच्या महिला समितीची प्रमुख. त्या सभेत मास्तरला उभं राहायला हिनंच सांगितलं होतं. ती आत जाऊन दाराशी बसली. मला वाटलं, आता होसियत नुसती रडून परत येईल. मनातून मला तेच हवं होतं.

होसियत उशाशी बसली, हात मांडीवर. तोंड उघडलं, शब्द नाही. पुन्हा उघडलं, पुन्हा नाही. दोन वर्षं प्रत्येक ओळ कणकेत तळवे दाबत शिकलेली. रिकाम्या हातांनी एकदाही म्हटलेली नव्हती. एवढी हुशार म्हातारी, पण हे तिच्याही लक्षात आलं नव्हतं. ती शुद्धीवर होती. पहिला शब्द तिच्या ओठावर असणारच, पण तिनं तो दिला नाही. पुटपुटली ते एवढंच: "शोध."

होसियत उठली, पायथ्याशी गेली आणि म्हातारीचे पाय चेपायला लागली. तळवे दाबले, सोडले, दाबले. आणि पाठ सुरू झाला, चांगला मोठ्यानं.

मुकर्रम ताडकन उठली. खिडकीशी आली, माझ्या डोळ्यांत बघितलं आणि खिडकी लावून घेतली. आत काय चाललंय ते कळेना. होसियत थांबली की तिला थांबवलं? पोती उचलणारा तो मास्तर डोळ्यांपुढे आला. बऱ्याच वेळानं रडणं उठलं, आणि होसियत बाहेर आली.

"पुरं झालं?" मी विचारलं.

"झालं. मुकर्रमताई उठल्या तेव्हा तुटलं होतं. पण सापडलं."

पुढचे दिवस मी फाटकाकडे बघत जेवलो. कुणी आलं नाही. मग एका सकाळी मुकर्रम स्वतःच आली. होसियतनं पियाल्यात चहा ओतला. मुकर्रमनं चहाला हात लावला नाही.

"माझ्या आईचे फार दिवस राहिले नाहीत," ती म्हणाली. "येशील? मागच्या दारानं."

मी होसियतच्या मागून मान हलवत होतो, नाही, नाही. तिनं वळून पाहिलंच नाही.

"येईन, ताई. पण आता चूक धरणारं कुणी नाही. मध्येच एखादी ओळ गळाली तर?"

"गळाली तर गळाली. आमच्यात कुणाला कळणार आहे?"

"मला कळेल," होसियत म्हणाली.

मुकर्रम गेल्यावर तिनं पियाले विसळले आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरुवात केली. मी जाऊन फाटकाला आतून कडी घातली.