बाटलीतले राखणदार

बाटली स्टँडवर चढली, की ते आधी तिला हात जोडायचे. "येवा, बसा. घर तुमचाच आसा."

कांदिवलीच्या डे-केअर वॉर्डात मी इन-चार्ज सिस्टर. ते मालाडचे रंगारी, मूळचे मालवणकडचे. एड्समुळे पांढऱ्या पेशी फार घसरलेल्या. त्या वाढवायचं काम गोळ्यांचं. तोवर संसर्ग अडवायला दर महिन्याला प्रतिपिंडांची बाटली. ती असंख्य रक्तदात्यांच्या रक्तातून बनते, हे मी एकदा सांगितलं. तेव्हापासून त्यांनी तिला राखणदारच करून टाकलं.

गावी राखणदाराला, म्हणजे गाव राखणाऱ्या देवाला, घालतात तसं गाऱ्हाणंही सुरू झालं. "बा म्हाराजा, माज्या पेशी वाडव!"

"व्हय म्हाराजा!" बाकीचे पेशंट एका सुरात.

"आवाज कमी," मी म्हणायची.

"ह्या सिस्टरबायचो रागय कमी कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" यात माझ्या नर्सही सामील.

मग मुलीचं लग्न ठरलं. मांडवात गाऱ्हाणं बापानं घालायचं. डॉक्टर म्हणाले, पेशी वाढल्या तरच गर्दीत जा. मी सूचना लिहून दिल्या: मास्क लावा, पाणी उकळून प्या, कच्चं काही नको. त्यांनी सगळं पाळलं. तरी पेशी वाढल्या नाहीत.

"दारात उभो रवतंय. लांबून बघतंय."

"नाही."

"एकच चेडू आसा गो माका."

मी मुलीचा नंबर लिहून घेतला.

लग्नाच्या सकाळीच बाटलीची पाळी होती. नवा सदरा घालून आले. पाहुण्यांना कावीळ सांगितलेली. मुलीनं फोन लावून हॉलच्या माइकसमोर धरला. इकडे त्यांच्या एका हाताला सुई, दुसऱ्यात फोन. "बा देवा म्हाराजा, माज्या चेडवाक सुखात ठेव..." तिकडून हॉल गरजला, इकडून आमचा वॉर्ड. या वेळी मी आवाज कमी करा म्हटलं नाही. फोन मांडीवर ठेवून त्यांनी खिशातून पुडी काढली आणि फोनवर अक्षता टाकल्या.

"कच्चं काही नको म्हटलं होतं ना?"

"खावक नाय गो आणलंय!"

पावसाळ्यात त्यांना न्यूमोनिया झाला. राखणदार कमी पडले.

त्यांची खुर्ची मी एका नव्या पेशंट बाईंना दिली. वॉर्डात खुर्ची रिकामी ठेवता येत नाही. ती सरकवताना चाकात अडकलेला कुंकवाचा एक तांदूळ दिसला. मी सुई लावली, बाटली चढवली.

"येवा, बसा."

"मी बसलेय की, सिस्टर."

मी बाटलीकडे बोट दाखवलं.