एकत्र कुटुंबाचा सर्व्हर

आमच्या घरात कुणाचीही कुठलीही गोष्ट कुणापासून लपलेली नाही. ही परिस्थिती मी स्वतःच्या हातांनी, एका स्क्रूड्रायव्हरच्या मदतीने निर्माण केली आहे.

मी लोणावळ्यातल्या एका शाळेत कॉम्प्युटर शिकवते. (त्यामुळे शेजारीपाजारी मला बंद पडलेला मिक्सरसुद्धा आणून दाखवतात.) तुंगार्लीतल्या आमच्या घरात माणसं पाच. सासरे म्हणजे आबा, सासूबाई, कुसगावला पाइप-नळांचं दुकान चालवणारा माझा नवरा संतोष, लग्नाची नणंद मनीषा आणि मी. पाच माणसं, पाच फोन आणि पाचही फोन सदानकदा भरलेले! संतोषने तर एकदा जागा करायची म्हणून आमच्या लग्नाचे फोटो उडवले आणि पाण्याच्या पंपांचे ठेवले! त्याच दिवशी मी ठरवलं, घरातच सर्व्हर बांधायचा.

माळ्यावरचा जुना कॉम्प्युटर खाली काढला, त्यातली झुरळं काढली, दोन दणदणीत हार्ड डिस्क बसवल्या आणि तो राउटरला जोडला. फोन घरच्या वायफायवर आला की त्यातले सगळे फोटो आपोआप या डब्यात! एक डिस्क मेलीच तर दुसरीवर नक्कल तयार! वीज गेली तरी काम थांबू नये म्हणून डबा, राउटर आणि टीव्ही, तिन्ही मी इन्व्हर्टरवर घेतले. शेवटी मशीनने मला एकच शहाणपणाचा प्रश्न विचारला. प्रत्येकाचे फोटो वेगळे ठेवायचे की सगळ्यांचे एकत्र?

"एकत्र!" मी बटण ठोकून दिलं. एकत्र कुटुंब आहे आमचं!

पुढच्या रविवारी मनीषाला बघायला पाहुणे आले. पवना धरणाच्या बाजूच्या एका गावातला अक्षय, त्याचे वडील आणि त्याची आई. मुलगा नोकरीला, घरची शेती. स्थळ हातचं जाऊ नये म्हणून सासूबाईंनी देव पाण्यात ठेवले होते. पोहे झाले. बाहेर धुकं दाटलेलं, आत सगळे अवघडून बसलेले. तेवढ्यात अक्षयच्या वडिलांचं लक्ष कोपऱ्यात गेलं.

"त्ये काय लुकलुकतंय हो तितं?"

"आमच्या सूनबाईनं केलंय!" आबा छाती फुगवून म्हणाले. (आदल्या दिवसापर्यंत ते त्याला भंगार म्हणत होते.) "समद्या घराचं फोटू हायती त्यात. सर्व्हर हाय त्यो, सर्व्हर!"

मग काय! मला चेव चढला. "थांबा, टीव्हीवर दाखवतेच. आमच्या मनीषाचे फोटो बघा!" म्हणून मी रिमोट उचलला आणि 'सगळे फोटो' हे बटण दाबलं. एकामागून एक फोटो आपोआप येऊ लागले.

पहिला फोटो मनीषाचा, साडीतला. "ग्वाड हाय पोरगी," अक्षयची आई म्हणाली. सासूबाई सुखावल्या.

दुसरा फोटो आबांचा. दर गुरुवारी कडक उपास धरून ते शिरगावला साईबाबांच्या दर्शनाला जातात. त्यांना मधुमेह आहे. सेल्फीत त्यांच्या पुढ्यात जिलबीची थाळी होती आणि एक जिलबी अर्धी तोंडात!

"उपास होता ना तुमचा?" सासूबाई किंचाळल्या.

"अगं, परसाद हाय त्यो!"

"रबडीसकट?"

तोवर तिसरा आला. हा व्हिडिओ होता. गुडघे धरलेत म्हणून दोन महिने गच्चीची पायरी न चढलेल्या आमच्या सासूबाई भिशीच्या बायकांबरोबर भिंगरीसारखी फुगडी घालत होत्या!

"हे गुडघं कुणाचं हायती गं?" आबांनी शांतपणे विचारलं.

मग संतोष आला. ज्या दिवशी तो माल आणायला पुण्याला गेला होता, त्याच दिवशीच्या शर्टात, पवनेच्या काठी, झाडाखाली, आ वासून घोरताना. मित्राने कौतुकाने काढून पाठवलेला फोटो!

पाहुणे पोट धरून हसत होते. मीही हसत होते. (अजून माझा नंबर आला नव्हता.)

आणि टीव्हीवर माझं आणि माझ्या थोरल्या बहिणीचं व्हॉट्सॲपवरचं बोलणं झळकलं. धाकट्या बहिणीला दाखवायला मी त्याचा स्क्रीनशॉट काढला होता. वर पाहुण्यांच्या कुटुंबाचा फोटो आणि खाली माझे शब्द: 'मुलगा छान आहे गं. पण त्याची आई बघ! चौकात उभी केली तर अख्खा एक्स्प्रेस-वे थांबेल. ट्रॅफिक हवालदार!'

मी घाईघाईत बटण दाबलं, ते चुकलं आणि फोटो मोठा झाला! 'हवालदार' हा एकच शब्द टीव्हीभर!

"संतोष, मेन बंद कर!" मी ओरडले.

तो धावला. खटकन दिवे गेले, पंखा थांबला, खोलीत अंधार झाला. आणि इन्व्हर्टरवरच्या टीव्हीवर 'हवालदार' पहिल्यापेक्षा ठसठशीत दिसू लागला!

अक्षयच्या आईने चष्मा लावला. "ह-वा-ल-दार," त्यांनी सावकाश वाचलं. चष्मा काढला. "उटा. हितं थांबायचं न्हाई."

तिघंही उठले. सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मला माळ्यावर जाऊन झुरळांबरोबर राहावंसं वाटलं. पण मनीषाच्या डोळ्यांत पाणी तरारलं आणि मला खरोखर रडू फुटलं. माझ्या एका टवाळ वाक्यापायी पोरीचं लग्न मोडत होतं.

तेवढ्यात फोटो बदलला.

तुंगार्लीच्या तलावाचा काठ. त्यावर मनीषा. शेजारी अक्षय. दोघांत एकच कणीस.

मग दुसरा फोटो, लोहगडावरचा, कोपऱ्यात दोन वर्षांपूर्वीची तारीख. तिसऱ्यात अक्षयला दाढी, चौथ्यात दाढी गायब! (मनीषाने हे सगळं फोनमध्ये 'प्रॅक्टिकल' नावाच्या फोल्डरात दडवलं होतं. माझ्या सर्व्हरने तेही इमानेइतबारे आणलं.)

"अक्षय!" त्याची आई गरजली. "पोरगी काळी का गोरी, मला ठावं न्हाई म्हनला हुतास ना?"

"आई, ते... कणीस..."

"म्हंजी," आबा म्हणाले, "हा बघायचा कार्यक्रम दोन वर्सं चाललाय व्हय?"

मनीषाने पदरात तोंड लपवलं. अक्षय दाराकडे बघत राहिला. त्याची आई मात्र परत खुर्चीवर बसली. "दिवं लावा," त्या म्हणाल्या, "आन् लग्नाची तारीख काढा. आनखी फोटू बघायची माझी ताकद न्हाई."

मी जाऊन त्यांच्या पाया पडले. "चुकलं माझं, मावशी. तुम्हाला हवालदार म्हणायला नको होतं."

"न्हवतंच म्हनायचं," त्या म्हणाल्या. "अख्ख्या गावात मला फौजदार म्हनत्यात. तू एकदम खालच्या हुद्द्यावर आनलंस, पोरी!"

सोमवारी मी शाळेत गेले. नववीचा धडा होता, 'आपली खासगी माहिती सुरक्षित कशी ठेवावी?' मी पुस्तक मिटलं आणि मुलांना मैदानावर खेळायला सोडलं.