तलफ आली की फोन

समोरच्या गॅलरीत कुणीतरी सिगारेट पेटवली आणि माझा हात फोनकडे गेला. सुधीरनं आणि मी एकदमच सिगारेट सोडली, तेव्हा ठरलं होतं: तलफ आली की फोन करायचा आणि ती जाईपर्यंत भाजीचं, पाण्याचं, काहीही बोलत राहायचं.

हल्ली त्याचा फोन येत नाही. सुटली असेल, की पुन्हा धरली? विचारायची भीती वाटते. सावरायला जावं आणि आपणच आठवण करून द्यावी, असं व्हायचं.

"भाजी कसली आज?"

"गवार," तो म्हणाला आणि त्यानं लांब, सावकाश श्वास सोडला. तो श्वास माझ्या चांगला ओळखीचा आहे. फोनवर धूर दिसत नाही, एवढंच.

"आणि पाणी आलं का?" मी घाईनं विचारलं. माझी तलफ अजून गेली नव्हती.