शामलेच्या तोंडातलं सोनं

कान्होजीचे आजोबा दख्खनेतून फौजेबरोबर घोड्यावर बसून ग्वाल्हेरला आले. नातू सराफ्यातला केर विकत घेऊन तिथल्या शिंदे की छावनी मोहल्ल्यात बिऱ्हाड चालवू लागला. तो झारेकरी होता. सोनारांच्या दुकानांतली धूळ परातीत घोळायची, हलकी माती पाण्याबरोबर सोडून द्यायची, तळच्या गाळात पारा चोळून सोनं धरायचं, पारा विस्तवावर उडवायचा, राहिलेलं चांदी-तांबं तेजाबात विरघळवायचं. मागे उरे ते शुद्ध.

स्मशानातली राखही तो धूत असे. मेलेल्याच्या तोंडात सोन्याचा कण घालतात. अस्थी वेचून नातेवाईक परतले की तो कण कान्होजीचा. याबद्दल कोणी बोलत नसे, त्यामुळे कोणाची हरकतही नव्हती.

तापाच्या साथीत त्याची बायको शामला गेली. त्याने स्वतः शुद्ध केलेला कण तिच्या ओठांआड ठेवला. घाटावर जागा पुरत नव्हती. चितेला चिता लागून पेटत होत्या. अस्थी वेचायला तो मेव्हण्याबरोबर, विश्वासरावांबरोबर, गेला. विश्वासराव मडक्याचं तोंड बांधत होते तेवढ्यात कान्होजीच्या हातांनी नेहमीच्या जागी पालथी घातलेली परात उचलली आणि राख घोळायला घेतली. त्याला भान आलं तेव्हा तळाशी तीन मणी चमकत होते.

"दाजी, अहो, ही ताईची राख आहे," विश्वासराव म्हणाले.

आगीत वितळून तिन्ही मणी सारखेच गोल झाले होते. एक शामलेचा, दोन शेजारच्या चितांवरचे. सोन्यातून माती, चांदी, तांबं त्याने जन्मभर वेगळं केलं. सोन्यातून सोनं वेगळं करणारं तेजाब कोणी विकत नव्हतं. नदीत टाकावेत, तर सकाळी दुसरा झारेकरी ते काढणार. त्याने स्वतः काढले असते.

तेव्हापासून शामला दिसू लागली. भर दुपारी, परातीपलीकडे उकिडवी. जिवंतपणी तिचं बोलणं दोन कोसांवरच्या मुरारपर्यंत ऐकू जातं म्हणत. आता ती नुसतं तोंड उघडून बसे, आणि तोंड रिकामं. मागे आणखी दोघं असत. अनोळखी पण सभ्य माणसं. तगादा करीत नसत. मुरारच्या डॉक्टरांनी पाऱ्याच्या धुराला दोष दिला. कान्होजीने पारा सोडला. तिघांनी त्याला सोडलं नाही.

शेवटी त्याने शेजारच्या विजयाबाईंना गाठलं.

"वहिनी, मी गेलो की तिन्ही मणी माझ्या तोंडात घाला. तिकडे ज्याचा त्याला ओळखून घेऊ दे."

"घालीन. पण भावजी, तुमची राख कोण धुणार, याचा विचार केलात का?"

तो केला नव्हता. दुसऱ्या दिवशी घाटावरच्या एकेका झारेकऱ्यापुढे त्याने हात जोडले. माझी राख तेवढी धुऊ नका. सगळ्यांनी नदीची शपथ घेतली, मनापासून घेतली. कान्होजी त्यांच्या तोंडाकडे पाहत नव्हता, हातांकडे पाहत होता.

दुपारी शामला आली. त्याने तिला शपथेचं सांगितलं. तिने तोंड मिटलं नाही.