पंधराचा चौकोन आणि चंदेरीच्या घड्या

दर्पण कॉलनीत सरोजिनीबाई फाळक्यांची स्कूटर दिसली की लोक आधी बाजूला होतात आणि मग नमस्कार करतात. बाई पन्नाशी उलटल्यावर स्कूटर शिकल्या. इंदरगंजच्या चौकात भर दुपारी भाजीच्या हातगाडीला धडकल्या, गुडघा फोडून घेतला, भाजीवाल्याचे टोमॅटो गोळा करून दिले आणि तशाच पुन्हा स्कूटरवर बसल्या. नवरा विश्वासराव तेव्हा होते. ते म्हणाले, "अगं, आता पुरे की." पण ऐकतील तर त्या सरोजिनीबाई कसल्या!

आणि अशा बाईच्या घरात तिची नात, दहा वर्षांची अंतरा, उठता बसता शाळेतल्या हिंदीत म्हणायला लागली, "आजी, मुझसे नहीं होगा." पोहणं सोडलं, मुझसे नहीं होगा. हार्मोनियमचा क्लास सोडला, मुझसे नहीं होगा. एवढी घोडी झाली तरी सायकलची मागची दोन छोटी चाकं काढू देईना. सून सोनिका म्हणायची, "जाऊ द्या हो आई, लहान आहे." पण सरोजिनीबाईंच्या काळजात चर्र व्हायचं. त्यांची सख्खी बहीण हेच म्हणत म्हणत म्हातारी झाली होती आणि अजून एकटीनं स्टेशनपर्यंत जात नव्हती. पोरीचं तसं होऊ द्यायचं नाही, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

त्यात शाळेचा गणित मेळा आला. गरिमा मॅमनी अंतराला काम दिलं गुणाकाराच्या जादूच्या चौकोनाचं. नऊ घरं, नऊ वेगळे आकडे. आडवे, उभे, तिरपे, कुठूनही तीन आकडे गुणले तरी उत्तर एकच यायला हवं. आणि तो कसा केला, हे सगळ्यांसमोर सांगायचं.

"आजी, तू मॅमना सांग ना. मुझसे नहीं होगा. किसी और को दे दें."

"सांगते की. अंतरा शनिवारी चौकोन घेऊन येतेय, असं सांगते."

बाईंचा हा तोरा उगाच नव्हता. विश्वासराव सराफ्यात एका पेढीवर नोकरीला होते. दर दिवाळीला पेढीच्या भिंतीवर शेंदरानं पंधराचा चौकोन काढायचं काम त्यांचं, कारण अक्षर मोत्यासारखं. एक चौकोन पेढीवर, एक घरी देवघराशेजारी. ते गेल्यापासून घरचा चौकोन सरोजिनीबाई काढतात. झोपेतून उठवलं तरी काढतील.

त्यांनी जुन्या कॅलेंडरचं पान उलटं केलं आणि धडाधड आकडे मांडले. आठ, एक, सहा. खाली तीन, पाच, सात. त्याखाली चार, नऊ, दोन.

"घे! कुठूनही बेरीज कर, पंधरा."

"पण मॅमनी गुणा सांगितलाय."

"अगं, जादूचा चौकोन आहे हा! बेरजेला पावतो तो गुणाकाराला का नाही पावणार?"

अंतरानं गुणून पाहिलं. पहिली ओळ अठ्ठेचाळीस, दुसरी एकशे पाच. पोरगी खो खो हसत सुटली. "आजी, तुझा जादू तो फेल हो गया!"

सरोजिनीबाईंना राग आला, स्वतःचाच. मग काय, रोज संध्याकाळी आजी आणि नात कॅलेंडरच्या पानांवर पालथ्या. एक ओळ जमली की उभी रांग बिघडायची, रांग जमवली की तिरपं बोंबलायचं. सोनिकानं फोन पुढे केला, "नेटवर तयार आहे. उतरवून घेऊ दे ना तिला."

"आणि मॅमनी विचारलं कसा केलास, तर काय फोन दाखवायचा?" सोनिकानं फोन बाजूला ठेवला.

शुक्रवार उजाडला. शाळेतून आल्यावर पुन्हा तेच. शेवटी सरोजिनीबाईंनी पेन आपटलं.

"जाऊ दे बाई. माझ्याच्यानं नाही व्हायचं हे."

बोलून गेल्या आणि जीभ चावली. अंतरा त्यांच्याकडे डोळे फाडून बघत होती. "आजी, तू असं नको बोलू ना."

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या वाक्याशी आपण इतके दिवस भांडत होतो, तेच आपल्या तोंडून! हाताला काम हवं म्हणून उठल्या. "चल, गच्चीवर माझी चंदेरी वाळत घातलीय. उद्या मेळ्याला नेसायचीय. घडी घालू लाग."

दोघींनी साडीची दोन टोकं धरली. आधी रुंदीत एक घडी, मग दुसरी. अंतरानं काठाशी अंगठा घालून पाहिलं. "चार थर झाले." मग साडी लांबीत दुमडायला लागल्या. अंतरा टोक घेऊन आजीकडे यायची, खालची कड धरून मागे जायची. एक घडी, दुसरी, तिसरी. ती पुन्हा थर मोजायला बसली आणि मध्येच थांबली.

"आजी, आधी दोन घड्या, चार थर. मग तीन घड्या. नुसत्या तीन घड्यांचे आठ थर होतात ना?"

"हो."

"आणि आता बत्तीस आहेत. चार आठे बत्तीस! घड्यांची बेरीज झाली, दोन आणि तीन पाच. पण थरांचा गुणा हुआ!"

सरोजिनीबाईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पंधरा! देवघराशेजारचा चौकोन! तोंड उघडलं, शब्द जिभेवर आला, आणि त्यांनी तो गिळला. आयुष्यभर ज्या बाईनं कुणाला वाक्य पुरं करू दिलं नाही, ती साडी छातीशी धरून मुकाट उभी राहिली. सांगून टाकलं तर चौकोन आपला होईल, पोरीचा नाही. केवढं जड गेलं म्हणून सांगू!

अंतरा पुटपुटत गच्चीवर फेऱ्या मारत होती. एकदम किंचाळली. "आजी! तुझ्या चौकोनात हर तरफ से पंधरा! मग आकडे म्हणजे घड्या समजायच्या ना! कुठूनही पंधराच घड्या, तर थरांचा गुणा पण एकच! आठाच्या घरात आठ घड्यांचे थर लिहायचे, एकाच्या घरात एका घडीचे!"

ती जिना उतरून धावली. आजी पोचेपर्यंत पहिली ओळ लिहून झाली होती. दोनशे छप्पन्न, दोन, चौसष्ट. खाली आठ, बत्तीस, एकशे अठ्ठावीस. मग सोळा, पाचशे बारा, चार. बाईंनी गुणाकार करायला पेन उचललं, तर पोरीनं हात बाजूला सारला. "थांब, मी करते."

बत्तीस हजार सातशे अडुसष्ट. आडवं, उभं, तिरपं. सगळीकडून तेच!

दुसऱ्या दिवशी मेळ्यात अंतरानं ओढणीला घड्या घालून सगळं समजावलं. गरिमा मॅमनी विचारलं, "बेटा, किसने सिखाया?"

"किसी ने नहीं. आजी से नहीं हो रहा था, तो मैंने किया."

चंदेरी नेसलेल्या सरोजिनीबाई मागेच उभ्या होत्या. अख्ख्या शाळेसमोर नापास झाल्या आणि इतक्या खूश त्या कधी नव्हत्या.

घरी आल्या आल्या अंतरानं सायकल अंगणात काढली. "आजी, पाना आण. ही छोटी चाकं काढायचीत."

बाई साडी खोचून बसल्या. पहिलं चाक निघालं. दुसऱ्याचा नट गंजलेला, हलेचना. त्यांनी घाम पुसला, "माझ्याच्यानं..." एवढंच बोलल्या आणि वर पाहिलं. अंतरा कमरेवर हात ठेवून उभी होती.

"निघतोय गं, निघतोय!" असं म्हणत सरोजिनीबाईंनी सगळा भार पान्यावर टाकला.