मी शिवून टाकलेला सूट

खांदा कॉलनीतल्या आमच्या कारखान्यात आधी रिक्षांची आणि मोटरसायकलींची सीट-कव्हरं शिवली जायची. मग भाईंनी मोटरसायकलच्या शर्यतीत घालायचे चामड्याचे सूट करायला घेतले, गळ्यापासून घोट्यापर्यंत एकसंध. भाई म्हणजे आमचे मालक, बरीच वर्षं आखातात काढून पनवेलला परतलेले. मी परभणीकडची, सातवीत शाळा सुटलेली. माझा हात बघून त्यांनी जाड चामड्याची मशीन मला दिली आणि राहायला वरच्या मजल्यावर, त्यांच्या आईच्या शेजारची खोली. एवढं कुणी कुणासाठी करत नाही. म्हणूनच आपल्या हातून काही चुकेल ही धास्ती मला कायम असायची.

खारघरला शर्यतींच्या धंद्यातल्या लोकांचं प्रदर्शन भरलं, तिथे भाईंनी गाळा घेतला. मला म्हणाले, "तूही चल बेटा. कुणी शिलाईचं विचारलं तर मी काय सांगू?"

आत शिरल्यावर मला काही उमजेना. चाकं होती, पण त्यांना गाडी नव्हती. एक इंजिन काचेच्या कपाटात दिवे लावून ठेवलेलं. एक बाई सायलेन्सर उलटासुलटा करून बघत होत्या, बाजारात पातेलं घेताना बघतात तसा. मी आपली आमच्या गाळ्यात येऊन बसले.

भाई आणि आमचा गव्हाणचा सेल्समन सूट टांगून चहाला गेले होते. लोक अजून यायचे होते. बघते तर मागे सगळे नवे सूट आणि ऐन दर्शनी भागात एक फाटका. कोपर खरवडलेलं, कमरेला भगदाड, दोरे लोंबतायत. टेम्पोत घासला असणार. सुई-दोरा पिशवीत होताच. मी भगदाडाच्या कडा कापून सरळ केल्या, आतून तुकडा लावला आणि मेणाच्या दोऱ्याने भराभर शिवून काढलं. छान झालं होतं.

भाई आले आणि चहाचा कप हातात धरून नुसते बघत राहिले.

"हे कुणी केलं?"

"मी. बरं दिसत नव्हतं ना."

सेल्समन पोट धरून हसायला लागला. "ओ ताय, तो आपलाच सूट हाय, शर्यतीत पडलेल्या गड्याचा! गडी पडला, उठला, चालत घरी गेला. तो फाटका दाखवून तर आपुन नवे खपवणार. तुमी त्याला बरा केलात!"

"उसवते मी लगेच," मी म्हणाले.

"काय उसवतेस? कडा कापल्यास ना?" भाई खुर्चीवर बसले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

दुपारी एक साहेब यायचे होते. ते मुलांना शर्यतीच्या मोटरसायकली चालवायला शिकवायचे आणि सगळ्या मुलांसाठी सूट घेणार होते. तीस तरी घेतील, अशी भाईंची आशा. पण आधी पडलेल्या माणसाचा सूट बघणार, मग बोलणार, असं त्यांनी सांगितलेलं. ही ऑर्डर गेली तर चामड्याची मशीन विकायची, असं भाई घरी आईशी बोलताना मी ऐकलं होतं. सीट-कव्हरं शिवायला खाली कारखान्यातले दोघे कारागीर पुरेसे होते. मग माझं काय?

साहेब आले. त्यांना तो तुकडा लगेच दिसला. "हा तर जोडलेला आहे. जुने सूट डागडुजी करून नवे म्हणून विकता की काय?"

भाईंचा चेहरा उतरला. मी मध्येच बोलले, "नाही हो साहेब, मीच शिवला. मला वाटलं, फाटलाय."

"फाटलेलाच होता ना?"

"हो, पण मला वाटलं चुकून फाटलाय."

"मग मुद्दाम फाटतो का?"

 

भाई उठले. "साहेब, यातला कुठलाही नवा सूट काढा. तुमच्यासमोर रस्त्यावर घासतो."

साहेबांनी नेमका तिसरा काढला. तो शिवत होते त्या दिवसांत लाइट सारखी ये-जा करत होती. बोलावं की गप्प बसावं ते ठरेना. मी गप्प बसले.

मागच्या डांबरी रस्त्यावर आम्ही सुटात चिंध्या आणि वाळूच्या पिशव्या भरल्या, दोर बांधला. सेल्समन मोटरसायकलवर बसला. "ताय, डोलं मिटा," म्हणाला. मी मिटले नाहीत. आठ दिवस खपून शिवलेला सूट माणसासारखा फरफटत गेला, दोनदा. बघे मोबाइलवर फोटो काढत होते आणि वाहवा करत होते. कशाची, ते देव जाणे.

साहेबांनी खांदा चाचपला, कोपर, पाठ. मग मनगटापाशी त्यांचं बोट आरपार गेलं. "इथे उसवलंय."

मीच बोलून गेले, "तिथे एकच टीप आहे. लाइट गेली, दुसरी मारायची राहिली. बाकी सगळीकडे दोन आहेत, बघा."

"माहीत होतं? मग मी हा निवडला तेव्हा का नाही बोललात?"

"घाबरले."

त्यांनी पुन्हा सगळी शिवण बोटांनी तपासली, आतून आणि बाहेरून. मग भाईंना म्हणाले, "आत्ता सहा द्या. मनगटाला दोन टिपा. आणि यांनीच शिवायचे."

ते गेल्यावर मी भाईंना विचारलं, "हे चांगलं झालं की वाईट?"

"मलाही कळत नाही, बेटा," भाई म्हणाले. "कारखान्यात दोरा किती उरलाय?"

सहा सुटांपुरता होता. मी तसं सांगितलं. म्हणजे मशीन निदान तेवढे दिवस तरी कुठे जात नव्हती.